एक्केचाळीस घरांचा पाहुणा

शहादेव ओव्हाळने आयुष्यात जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या भाकरी खाल्ल्या नसतील. यात अतिशयोक्ती असलीच तर थोडीच. बीडच्या नगरपालिकेत तो बत्तीस वर्षं व्हॉल्व्हमन होता. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवर गल्लोगल्ली हिंडायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, खड्ड्यात चावी घालून आटे फिरवायचे, की या गल्लीचं पाणी बंद आणि त्या गल्लीचं सुरू. जिचं बंद झालं ती गल्ली शिव्या द्यायची, आणि जिचं सुरू झालं ती उशीर केला म्हणून द्यायची. "शहाद्या, मपल्याच गल्लीवर तुपली नजर हाय का बे?" असं ओरडणारा माणूस दुसऱ्या दिवशी गोड बोलून चहाला बोलवायचा. शहादेव चहा घ्यायचा नाही. पाणी सोडणाऱ्याने कुणाच्या चहाला मिंधं होऊ नये असा त्याचा नियम होता, आणि त्यापायी गावात तो खडूस म्हणून प्रसिद्ध होता.

या नोकरीने त्याला एकच विद्या शिकवली. पाण्याबद्दल माणसाला विचारायचं नाही, जाऊन बघायचं. विचारलं की प्रत्येक जण म्हणणार, आमच्याकडे थेंब आला नाही. मग शहादेव त्या घरात जायचा, नळाखालच्या शेवाळाला बोट लावायचा, मोरीच्या भोकात डोकावायचा आणि काही न बोलता बाहेर यायचा. शेवाळ खोटं बोलत नाही. माणसंही तशी मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. पाण्याच्या बाबतीत प्रत्येकाला आपलं दुःख मोठं दिसतं, एवढंच. पण ही विद्या आपल्याच दारात वापरायची पाळी येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याचं दार म्हणजे गावाच्या कडेला असलेल्या साथी गृहनिर्माण सहकारी संस्थेतलं एकोणीस नंबरचं घर. शिपाई, चौकीदार, एस.टी.चे मेकॅनिक, शाळेतल्या मावश्या अशा चतुर्थश्रेणीच्या माणसांनी एकत्र येऊन ही संस्था काढली. एक्केचाळीस घरं. ओव्हाळांसकट पंधरा-सोळा बौद्धांची, बाकीची मराठा, वंजारी, माळी, आणि दोन मुसलमानांची. मधोमध एक मोकळी जागा सोडलेली होती. नकाशात तिथे 'उद्यान' लिहिलं होतं; प्रत्यक्षात वेडी बाभूळ, फुटक्या चपला, डुकरं आणि पावसाळ्यात डासांची पैदास. दरवर्षी चार-सहा घरांत हिवतापाची माणसं पडून असायची. दरवर्षी सभेत ठराव व्हायचा की उद्यान करावं, आणि दरवर्षी तो ठराव चहाबरोबर पोटात जायचा.

उद्यान सुरू झालं ते एका भिंतीतून. चौऱ्याण्णव साली पाण्याच्या टाकीच्या भिंतीत पिंपळ उगवला. भिंत फुटेल म्हणून साहेबांनी तो काढायला सांगितला. पिंपळावर मुंजा असतो, त्याला हात लावायचा नसतो, म्हणून सगळे कामगार मागे सरले. मग एकजण म्हणाला, "शहादेव, तू काढ की. तुमाला थोडंच काय होतंय." शहादेवने काढला. मुळासकट, सावकाश, भिंतीच्या फटीत छिन्नी घालून. मुंज्याची भीती त्याला नव्हती, पण बोलण्यातला खवचटपणा कळत होता. रागारागात त्याने ते वीतभर रोप सायकलच्या कॅरियरला अडकवलं आणि घरी येऊन दारात टाकलं.

त्याची बायको अंजना कन्याशाळेत शिपाई होती. घंटा तीच वाजवायची, त्यामुळे घरातही तिचा आवाज घंटेसारखा होता. ती रोपाकडे बघून म्हणाली, "भिंतीत जगलंय ते. ह्याला टाकतो व्हय?" आणि तिने ते डालड्याच्या डब्यात लावलं. बुद्धपौर्णिमेला त्या मोकळ्या जागेतली बाभूळ तोडून, चपला बाजूला करून, तिने तो पिंपळ जमिनीत लावला. बौद्ध घरांतली दहा-वीस माणसं जमली, वंदना झाली, खीर वाटली. खीर सगळ्या एक्केचाळीस घरांत गेली. काहींनी खाल्ली, काहींनी नुसती घेतली.

आठ दिवसांत सात नंबरच्या साखराबाई बाहेर आल्या. मूळच्या घाटनांदूरकडच्या शेतकरी घरातल्या, गळ्यात तुळशीची माळ, नवरा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये. स्वभावाने कडक, सोवळ्याच्या पक्क्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्यांनी पिंपळ लावला, आन आमी काय निस्तं बघत बसावं?" आणि त्यांनी लिंब लावला. मग कुणी करंज, कुणी बकुळ, मुसलमानांच्या दोन्ही घरांनी मिळून जांभूळ. ईर्षेवर जेवढी झाडं जगली तेवढी उपदेशावर जगली नसती. पाच-सहा वर्षांत डुकरं गेली, डास कमी झाले, संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे फेऱ्या मारायला लागली. उन्हाळ्यात घरातला पत्रा तापला की बायका निवडण-टिपण घेऊन सावलीला यायच्या. पिंपळ सगळ्यांत मोठा झाला. त्याला पार बांधला तो वर्गणीतून.

आणि पिंपळ म्हटला की शनिवार आलाच. साखराबाई आणि चार-पाच बायका शनिवारी वात लावून, दोरा गुंडाळत प्रदक्षिणा घालायला लागल्या. बौद्धांच्या पोरांना ते खटकलं. हा बोधिवृक्ष आहे, याला दोरे कशाला? अंजनाने पोरांना गप्प केलं. "दोऱ्यानं झाडाला टोचत न्हाई. वात तेवढी लांब लावा, साल करपती," एवढंच ती साखराबाईंना म्हणाली. साखराबाईंनी वात लांब नेली. दोघी फार बोलायच्या नाहीत, पण एकमेकींना ओळखून होत्या.

खरा भडका उडाला तो दोन हजार चारच्या दुष्काळात. झाडं वाळायला लागली म्हणून घराघरातलं मोरीचं पाणी झाडांना घालायचं ठरलं. सगळे घालू लागले. एका शुक्रवारी कुणीतरी मटणाची भांडी घासलेलं पाणी पिंपळाच्या बुंध्याशी ओतलं, हाडकाच्या तुकड्यासकट. शनिवारी सकाळी साखराबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज पार मेनरोडपर्यंत गेला. कुणाच्या घरचं, यावरून सुरू झालेलं बोलणं कुणाच्या जातीचं, इथवर घसरलं. बोलायचं नाही ते बोललं गेलं. पोलीस येता येता राहिले.

तेव्हा सभेत अंजना उभी राहिली. "बाकीच्या झाडाला मोरीचं पाणी चालंल. पिंपळाला ताजंच. घरटी रोज एक तांब्या. तुमचा देव बी खूश, आमचा बुद्ध बी खूश, आन झाड जगल्याशी कारण." तो ठराव क्रमांक सात. एकमताने मंजूर. पुढे दहा वर्षं तो पाळला गेला, कारण शाळेला जाण्याआधी अंजना गल्लीतून चालत जायची आणि प्रत्येक दारात ओरडायची, "तांब्या!" दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात लोक स्वतः पाण्यासाठी वणवण करत होते, तरी तिच्या ओरडण्याला घाबरून तांब्या निघायचा. चौदा साली पोटाच्या दुखण्याने अंजना गेली. ठराव कागदावर राहिला, ओरडणारं माणूस राहिलं नाही.

शहादेव तोवर निवृत्त झाला होता. बायको गेल्यावर तो झाडांचाच झाला. सकाळी सात वाजता हातगाडा घेऊन निघायचा. प्रत्येक दाराशी लोक मोरीचं पाणी डब्यात भरून ठेवायचे. ते तो गाड्यावरच्या पिंपात ओतायचा आणि झाडांना वाटायचा. त्यातही त्याची व्हॉल्व्हमनची शिस्त. अंघोळीचं पाणी लिंबांना, भांड्यांचं बकुळीला आणि जांभळाला, पावडरचं फेसाळ पाणी कुणालाच नाही, ते रस्त्यावर शिंपडायचं. पिंपळाच्या वाटेला मात्र त्याचा गाडा जायचा नाही. तिथे तो संध्याकाळी हात-पाय धुऊन, घरच्या प्यायच्या पाण्यातला एक तांब्या न्यायचा आणि ओतायचा. तेवढा वेळ तो अंजनाशी मनातल्या मनात बोलायचा.

सोळा साल उजाडलं ते कोरडं ठणठणीत. पालीच्या धरणात चिखल राहिला. नळ अठरा-वीस दिवसांनी सुटायला लागला; टँकर आला की घरटी पाच घागरी. लोक अंघोळीला बाज टाकून त्याखाली पातेलं ठेवायचे, म्हणजे तेच पाणी पुन्हा फरशीला आणि मग झाडाला. एवढ्या उन्हातही वसाहतीतली झाडं तग धरून होती. शहरातून लोक बघायला यायचे. चेअरमन मोहनराव, निवृत्त चौकीदार, आता पाहुण्यांना फिरवून झाडं दाखवायचे आणि शहादेवकडे बोट करून म्हणायचे, "हे आमचे पाणीपुरवठा मंत्री."

माघात पिंपळाची पानं गळली. ती दरवर्षीच गळतात. फाल्गुनात फांद्या उघड्या पडल्या, त्याही दरवर्षी पडतात. पण पाडवा आला, लिंब मोहरला, करंजाला पालवी फुटली, आणि पिंपळ तसाच. एरवी पाडव्याला त्याच्यावर तांबूस पानांची झळाळी असायची. हनुमान जयंती झाली तरी एक पान नाही. मोहनराव म्हणाले, "यंदा ऊन लई. उशिरा फुटंल." सगळ्यांनी मान डोलावली. शहादेवने एका खालच्या फांदीची साल नखाने खरवडली. आत तपकिरी. बुंध्याची खरवडली, तिथे हिरवट ओल होती, पण पातळ. मरायला टेकलेल्या झाडाची साल त्याने याआधी पाहिली होती.

त्या दिवशी त्याने आपला बत्तीस वर्षांचा नियम मोडला आणि माणसांना विचारलं. दारोदार गेला. "पिंपळाला तांब्या घालता का?" चाळीसही घरांत एकच उत्तर. "घालतो की." कुणी म्हणालं शनिवारी घालतो, कुणी म्हणालं आमची म्हातारी घालते, कुणी म्हणालं आमच्याकडून एखाद्या दिवशी राहतं पण तिकडं घालणारे लई हायेत. शहादेवने मनाशी हिशेब केला. निम्मे जरी खरं बोलत असले तरी रोज वीस तांबे. वीस तांब्यांत हे झाड मरायला नको. त्याने जुनी चावी आणली आणि बुंध्याजवळ जमिनीत खुपसली. वीतभर खाली नुसती पूड. त्याखाली माती कातळासारखी.

मग तो जाऊन बसला. पूर्वी पाणीचोरीच्या संशयाच्या लाइनवर बसायचा तसा. लिंबाखालच्या दगडावर, वर्तमानपत्र उघडून, पहाटे फटफटल्यापासून दिवेलागणीपर्यंत. दुपारी शिवकन्येने, त्याच्या सुनेने, डबा आणून दिला. उन्हाने डोळे चुरचुरत होते, पण तो उठला नाही.

सकाळी साडेसहाला साखराबाई आल्या, काठी टेकत, पितळी तांब्या घेऊन. ओतला, हात जोडले, गेल्या. दुपारी चारला शिवकन्या आली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि एक तांब्या ओतला. शहादेवला हे ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी तो स्वतः गेला. एवढंच. तीन तांबे, आणि त्यातले दोन त्याच्याच घरचे.

रागावण्यासारखं काही नव्हतं, हेच त्याला जास्त लागलं. कुणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. बौद्ध घरांना वाटत होतं, शनिवारच्या बाया रोज घालतातच. बाकीच्यांना वाटत होतं, त्यांचं पवित्र झाड आहे, ते कशाला तहानलेलं ठेवतील? मोरीच्या पाण्याचा डबा भरून कुणीही देत होतं. पण ते पिंपळाला घालायची कुणाची छाती नव्हती, आणि ताजं पाणी घागरीत मोजकं. कडेच्या रानटी घाणेरीलाही पाणी मिळत होतं. ज्याच्या सगळे पाया पडत होते तोच तहानेने मरत होता. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. हा तर एक्केचाळीस घरांचा पाहुणा.

उपाय सरळ होता. हातगाडा पिंपळाकडे वळवायचा. चार पिंपं मोरीचं पाणी रोज, महिनाभर. पण तो गाडा वळवायला शहादेवचा हात धजेना. एक तर अंजनाचा ठराव. तिच्या आयुष्यात तिने एकच ठराव मांडला होता आणि तो एकमताने पास झाला होता. दुसरं म्हणजे ओव्हाळांच्या मोरीचं पाणी, पिंपळाच्या बुंध्याला, शनिवारच्या बायांच्या देखत. चार सालचे शब्द त्याच्या कानात अजून तसेच होते. झाड वाचवायला जाऊन बारा वर्षं नीट चाललेली गल्ली फुटली तर?

तो मोहनरावांकडे गेला. मोहनराव ऐकून घाबरेच झाले. "शहादेव, मिटलेलं कशाला उकरून काढतो? सभा बोलावली की पुन्हा तेच व्हईल. त्यापरीस आपण एक टँकर विकत आणू."

"प्यायच्या पाण्याला माणसं मारामाऱ्या करायलेत, आन आपण झाडाला टँकर आणायचा?"

"मग देवावर सोड."

शहादेव म्हणाला, "देवावर सोडलं म्हणूनच तर वाळलं, चेअरमन साहेब." आणि उठला.

दोन दिवस तो गाडा पाराच्या वळणापर्यंत नेऊन परत फिरवत राहिला. तिसऱ्या दिवशी शिवकन्येने जेवायला वाढताना विचारलं, "मामा, एक बोलू? राग येऊ देऊ नका."

"बोल."

"सासूबाईचं झाड जगवायचं का सासूबाईचा शब्द? दोन्ही जगायचं दिसत न्हाई."

ही पोर लग्न होऊन आली तेव्हा अंजनाला धड वर्षभर बघितलं असेल तिने. तरी रोज चारला कुणाला न सांगता तांब्या नेत होती. त्याने ताट अर्धवट सारलं, चपला घातल्या आणि सात नंबरच्या दारात जाऊन उभा राहिला.

साखराबाई शहात्तर वर्षांच्या झाल्या होत्या. नवरा जाऊन दहा वर्षं, मुलगा पुण्याला. एकट्याच राहायच्या. अंगणात बसून राखेने पितळी तांब्या घासत होत्या. ओठांना भेगा पडल्या होत्या. शहादेवला एकदम कळलं की हा तांब्या कुठून येतो. पाच घागरींतून, स्वतःच्या घशातून.

"मावशी, पिंपळ वाळायलाय."

"दिसतंय मला. मोतीबिंदू झालाय, डोळे फुटले न्हाईत."

"तुमी रोज तांब्या घालता."

"घालते. कावून? तुला काय तरास?"

"तुमच्याबिगर आन आमच्याबिगर कुणीच घालत न्हाई."

साखराबाईंचा हात थांबला. "कुणीच कसं? तुमची माणसं घालतेत की. तुमचंच झाड हाय ते."

"आमची म्हणतेत, तुमच्या बाया घालतेत. मी दिसभर बसून बघितलं, मावशी. दिसाला तीन तांबे."

त्यांनी राखेची चिमूट घेऊन तांब्या पुन्हा घासला. मग म्हणाल्या, "आता काय करावं म्हणतो?"

शहादेवने खाली मान घालून सांगून टाकलं. "मोरीचं पाणी घालावं लागंल. भरपूर. सगळ्या घरचं. मपल्या घरचं बी."

"अंजनाचा ठराव हाय."

"हाय."

"आन तूच मोडतो?"

बत्तीस वर्षं शिव्या ऐकून न हललेला माणूस. त्याचे डोळे भरून आले. "ती आसती तर दारोदार वरडली आसती," तो म्हणाला. "मला वरडता येत न्हाई, मावशी. मी निस्ता चावी फिरवणारा माणूस. मपल्या हातानं तिचं झाड मराया लागलंय."

साखराबाईंनी तांब्या विसळला. विसळलेलं पाणी पातेल्यात धरलं, पातेलं उचललं आणि आत गेल्या. दार लोटलं गेलं. शहादेव परतला. सकाळी सभेची नोटीस काढायला मोहनरावांना सांगायचं, पुढे जे व्हायचं ते होईल, असं त्याने ठरवलं.

सकाळी सातला तो हातगाडा काढत होता, तेवढ्यात त्याच्या दारात साखराबाई उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी बकेट. बावीस वर्षांत त्या एकोणीस नंबरच्या उंबऱ्यापर्यंत कधी आल्या नव्हत्या.

"शिवकन्ये, भांडे घासले का?"

शिवकन्या पदराला हात पुसत बाहेर आली. "घासले, आजी."

"पाणी कुठंय?"

"पातेल्यात धरलंय, मोरीत."

"ह्याच्यात वत."

शिवकन्येने सासऱ्याकडे बघितलं. मग चाचरत म्हणाली, "आजी, रात्री... कोंबडी केलती."

साखराबाईंचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला. शहादेवला वाटलं, झालं, आता वळणार. "ते मला कशाला सांगितलं?" त्या म्हणाल्या. "झाडाला तरी सांगू नको. वत."

बकेट अर्धी भरली. शहादेव उचलायला पुढे झाला तर त्यांनी काठीनेच त्याला अडवलं. "सोड. तुपल्या हातानं गेलं तर उद्या पुन्हा तुपलं-मपलं सुरू व्हईल." काठी तिथेच भिंतीला टेकवून त्या दोन्ही हातांनी बकेट धरून निघाल्या. चार पावलं चालायच्या, टेकवायच्या, दम खायच्या, पुन्हा उचलायच्या. गल्लीत लोक बाहेर येऊन उभे होते. मोहनरावांच्या तोंडात ब्रश तसाच होता. कुणी मदतीला गेलं नाही, कारण नेमकं काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि कळलं तेव्हा पाणी बुंध्याशी जिरत होतं. तेलाचा तवंग मातीवर क्षणभर चमकला आणि गेला.

साखराबाई कमरेवर हात ठेवून वळल्या. "आता मपल्या दारात पातेलं भरून ठिवलंय. ते तू आण, शहादेव. तुपल्याच हातानं वत." शहादेव गेला, सात नंबरच्या अंगणातून पातेलं उचललं आणि पाराशी येऊन ओतलं. अर्धं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

मग साखराबाई गल्लीकडे तोंड करून ओरडल्या, चार सालच्या त्याच आवाजात. "बघत काय बसले? बकेटी आणा!"

मोहनराव ब्रश काढून आत गेले आणि न्हाणीतली बादली घेऊन आले. त्यांच्या मागून जांभळाची दोन घरं. मग बाकीची. सगळी आली असं मात्र नाही. तीन घरं शेवटपर्यंत आली नाहीत, आणि शनिवारच्या बायांमधल्या एकीने साखराबाईंशी बोलणं टाकलं ते टाकलंच. साखराबाईंना त्याचं वाईट वाटलं. त्या शहादेवजवळ एकदा तसं म्हणाल्याही.

शहादेव रोज गाडा पिंपळाकडे नेऊ लागला. नुसतं बुंध्याशी नाही, फांद्यांच्या घेराएवढं आळं करून. पाणी मुळांच्या टोकाला पाहिजे, हे त्याचं गणित. वर कडब्याचा भुसा पसरला. बारा दिवस काही झालं नाही. वीस दिवस झाले. तेविसाव्या दिवशी शिवकन्या धावत घरी आली आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेली. बुंध्याच्या खालच्या अंगाला, सालीच्या फटीतून, करंगळीच्या नखाएवढं तांबूस पान आलं होतं. शहादेव पारावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. नंतर पावसाळ्यात उत्तरेकडच्या दोन मोठ्या फांद्या कापाव्या लागल्या, त्या गेल्याच. झाड राहिलं.

ठराव क्रमांक सात कुणी रद्द केला नाही. मोहनरावांनी सभेत विचारलं, तेव्हा शहादेव म्हणाला, असू द्या तसाच. अंजनाचं अक्षर नाही त्यात, पण आवाज आहे. त्या वर्षीच्या भाद्रपदात धरण भरलं, नळ चार दिवसांनी सुटायला लागला, आणि तरी सकाळी बकेटी पाराकडे जातच राहिल्या.

पुढे तीनेक वर्षांनी सव्वीस नंबरमध्ये नवं बिऱ्हाड आलं. शनिवारी सकाळी ती नवी सून हळदीकुंकवाचं ताट घेऊन पिंपळाकडे आली, तर तिथे साखराबाई वाकून बकेटीतलं तवंगाचं पाणी ओतत होत्या. शहादेव पारावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. पोरीने तोंडाला पदर लावला. "अगं बाई, आजी! पिंपळाला खरकटं पाणी? पाप लागंल!"

साखराबाई सावकाश सरळ झाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी त्यांनी पोरीला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोणतं घर तुमचं?"

"सव्वीस नंबर."

"सगळ्यांनी पाया पडून पडून मारलंतं ह्याला," साखराबाई म्हणाल्या. "निस्तं ताजं न्हाई मानवत. ह्याला घरोघरचं लागतं." आणि रिकामी बकेट त्यांनी पोरीच्या हातात दिली. "ताट ठिव पारावर. तुपल्या मोरीत काय हाय, जा, घिऊन ये."

पोरीने शहादेवकडे बघितलं. शहादेवने वर्तमानपत्र खाली ठेवलं, सरकून तिच्या ताटाला पारावर जागा केली आणि गल्लीकडे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदाच, मोठ्याने ओरडला, "बकेटी!"